विश्लेषण : रायफलीचे काडतूस कसे निवडतात? शहापूर-मुरबाडमध्ये हा प्रश्न वेगळा का ठरतो?

भाताच्या लोंब्या भरू लागल्या की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत रात्रीची राखण सुरू होते. डोळखांब, किन्हवली, खर्डीपासून इकडे टोकावडे, धसईपर्यंत शेतकरी माचावर बसतात, पत्र्याचे डबे बडवतात, फटाके फोडतात. रानडुकरांचा एक कळप रात्रीत सगळे खाचर लोळवून जातो. खातो थोडे, तुडवतो जास्त. सकाळी बांधावर उभे राहून नुकसान मोजताना कोणीतरी म्हणतेच, ‘परवान्याची बंदूक काढायला पाहिजे.’

त्यानंतर मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि समोर येतात ते अमेरिका-युरोपातल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ. कोणत्या कंपनीचे काडतूस, किती ग्रेनची गोळी, किती मीटरवर नेम, याची चर्चा त्यात तासन् तास चालते. ती माहिती खोटी नसते. पण ज्या देशात शिकारीचा हंगाम असतो आणि दुकानात वीस प्रकारच्या पेट्या मांडलेल्या असतात, तिथली ती माहिती आहे. ठाणे जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांत काडतुसाची निवड आधी कायदा करतो, मग बंदुकीची नळी करते. माणसाच्या हातात उरतो तो शेवटचा निर्णय, चाप ओढायचा की नाही हा. जीव जातात ते त्या शेवटच्या निर्णयात.

शिकारीसाठी काडतूस विकत घेता येते का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. त्यापूर्वी वनखात्याचा परवाना काढून ठरवून दिलेल्या रानात शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला वावच उरला नाही. कायद्याच्या कलम ९ नुसार अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार गुन्हा आहे आणि ‘शिकार’ या शब्दात फक्त गोळी घालणे येत नाही. फास लावणे, विष घालणे, जाळे टाकणे, पाठलाग करून हुसकणे, यांपैकी कशाचा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूचींची मांडणी बदलली. रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि वर दंड.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘रानडुक्कर उपद्रवी म्हणून जाहीर झालाय, आता मारला तरी चालतो’ असे गावोगाव बोलले जाते. २०१५-१६ च्या सुमारास केंद्र सरकारने काही राज्यांतल्या ठरावीक भागांसाठी तशा अधिसूचना काढल्या होत्या. उत्तराखंड आणि बिहारमध्ये रानडुक्कर त्यांत होता. त्या अधिसूचना त्या त्या भागापुरत्या आणि ठरावीक मुदतीच्या होत्या. त्यांच्या बातम्या आजही व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि तारीख मात्र कोणी वाचत नाही.

मग परवानगी मिळतच नाही का?

मिळू शकते. कलम ११ नुसार दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला आहे, अशी खात्री पटली तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभे पीक धरले आहे. पण आदेश लेखी असावा लागतो, त्यात कारणे नमूद असावी लागतात आणि क्षेत्र ठरवून दिलेले असते. तोंडी ‘हो’ला कोर्टात किंमत नाही. मारलेला प्राणी सरकारच्या मालकीचा ठरतो. त्याचे मांस वाटून घेतले, तर परवानगीचा कागद खिशात असूनही नवा गुन्हा उभा राहतो.

पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे भरपाईचा मार्ग वेगळा आहे. त्यासाठी नुकसान दिसताच वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज आणि जागेवर पंचनामा हवा. १९२६ या क्रमांकावर वनखात्याची हेल्पलाइनही आहे. पीक कापून झाल्यावर केलेला अर्ज सहसा पडून राहतो, कारण तेव्हा पंचनाम्याला शेतात काही उरलेलेच नसते. भरपाई मिळायला लागणारा वेळ आणि मिळणारी रक्कम यांबद्दल शेतकऱ्यांची नाराजी जुनी आहे आणि बंदुकीचा विचार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

बंदुकीचा परवाना कोणाला, कोणत्या बंदुकीचा?

शस्त्र कायदा १९५९ मध्ये पीक संरक्षणाचा उल्लेख स्पष्ट आहे. कलम १३ नुसार खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे व्यवहारात एकनळी किंवा दुनळी बारा बोअर. स्वसंरक्षण आणि खेळासाठीही किमान २० इंच नळीची अशी बंदूक मागता येते. ०.२२ ची रायफल मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी मिळू शकते. याहून मोठी रायफल हवी असेल तर ‘सबळ कारण’ दाखवावे लागते.

शहापूर आणि मुरबाड ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतात आणि परवाना जिल्हाधिकारी देतात. पोलिसांचा अहवाल, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण, शस्त्र ठेवायला सुरक्षित जागा, हे सगळे त्याआधी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात. पूर्वी तीन चालत.

या दोन तालुक्यांना लागू होणारी आणखी एक अट मात्र अनेकांना अर्ज केल्यावरच कळते. वन्यजीव कायद्याचे कलम ३४ सांगते की अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन्यजीव विभागाकडे नाव नोंदवले पाहिजे आणि त्या पट्ट्यात नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. शहापूरमध्ये तानसा अभयारण्य आहे, मुरबाडच्या पूर्वेला सह्याद्रीच्या कड्यावर भीमाशंकर. नकाशावर या दोन्हींभोवती दहा किलोमीटरची रेघ ओढली, तर रानडुकरांचा त्रास जिथे सगळ्यात जास्त, तीच अनेक गावे आत येतात. ज्याला बंदुकीची गरज सर्वाधिक वाटते, त्याचाच अर्ज सर्वाधिक टेबलांवरून फिरतो, असा हा प्रकार आहे. कायद्याच्या बाजूने पाहिले तर त्यामागचे कारणही उघड आहे.

काडतुसांचेही तसेच. परवान्यावर दोन आकडे लिहिलेले असतात. एका वेळी जास्तीत जास्त किती काडतुसे जवळ ठेवायची आणि वर्षभरात किती घ्यायची. ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायची, प्रत्येक खरेदीची नोंद करून, आणि परवान्यावर जो बोअर लिहिला आहे त्याचीच. मित्राच्या रायफलीची चार काडतुसे आपल्या घरात सापडली, तरी तो विनापरवाना दारूगोळा ठरतो.

‘तीनशे पंधरा’ आले कुठून?

भारतात परवान्याची रायफल म्हटली की बहुतेक वेळा ०.३१५ बोअर निघते. जगात इतरत्र जवळजवळ विस्मरणात गेलेले हे काडतूस भारतात अजून विकले जाते, यामागे इंग्रजांची भीती आहे.

लष्कराची रायफल तेव्हा ०.३०३ होती. तिचे काडतूस सामान्य माणसाच्या हाती गेले, तर उद्या ते बंडखोरांच्या बंदुकीत जाईल, या धास्तीने लष्करी बोअर खासगी वापरासाठी बंद ठेवला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ०.४५० बोअरवरही अशीच बंदी आली आणि विलायती बंदूकवाल्यांनी हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांसाठी ०.४६५, ०.४७० असे नवे बोअर काढले. ०.३१५ ची गोष्ट थोडी साधी आहे. ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे १८९० च्या आसपासचे आठ मिलिमीटरचे काडतूस घेतले आणि लष्कराच्या ली-एनफील्डसारख्याच यंत्रणेत बसवले. रायफल ओळखीची, पण लष्कराचे काडतूस तिच्यात चालणार नाही आणि तिचे काडतूस लष्कराच्या रायफलीत. इंग्रज गेले, त्यांची ही सोय राहिली. ‘प्रतिबंधित बोअर’ आणि ‘अप्रतिबंधित बोअर’ ही विभागणी आजच्या कायद्यातही आहे.

स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ०.३१५ ची स्पोर्टिंग रायफल बनत राहिली. काडतुसांचे नाते मात्र महाराष्ट्राशी आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. काडतुसाच्या पितळी बुडावर ‘केएफ’ ही रोमन अक्षरे दिसली की ती ‘किर्की फॅक्टरी’ची, म्हणजे खडकीची खूण. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या गेल्या, तेव्हा खडकी आणि जळगाव जिल्ह्यातले वरणगाव हे दोन्ही दारूगोळा कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. त्या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे.

त्यामुळे परदेशी व्हिडिओतला ‘कोणता ब्रँड घ्यावा’ हा प्रश्न इथल्या परवानाधारकाला फारसा पडत नाही. आयात काडतुसे महाग आणि दुर्मीळ. विक्रेत्याकडे बहुधा सरकारी कारखान्याचीच पेटी असते. निवड करायची ती पेटी नीट वाचून.

पेटीवर काय वाचायचे?

सगळ्यात आधी बोअर. तो नळीवर कोरलेला असतो, काडतुसाच्या बुडावर असतो आणि परवान्यावर असतो. तिन्ही जुळले पाहिजेत. ‘बसते म्हणजे चालते’ हा नियम नळाच्या फिटिंगला ठीक आहे, बंदुकीला नाही. बारा बोअरमध्ये तर बोअर जुळूनही चूक होते. जुन्या विलायती दुनळीचे चेंबर ६५ मिलिमीटरचे असू शकते, नव्या बंदुकीचे ७० चे. ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज जाते, कारण न उडालेल्या काडतुसाचे तोंड दुमडलेले असते. उडताना ते उघडते, त्याला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. आजोबांच्या दुनळीत नवी काडतुसे घालण्याआधी बंदूक दुरुस्तीच्या परवानाधारक कारागिराकडून चेंबर मोजून घ्यावे, ते याचसाठी.

दुसरा आकडा गोळीच्या वजनाचा. तो ग्रॅममध्ये नसून ग्रेनमध्ये असतो आणि तिथेच अनेकांची गल्लत होते. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. सोनार पूर्वी गुंजेने सोने तोलत, तसेच विलायतेत दाण्याने तोलत. एक ग्रॅम म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रेन. ०.३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम. ०.२२ ची ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम. ग्रेनचा हा आकडा दारूचा नसतो, गोळीचा असतो.

तिसरा आकडा वेगाचा. गोळी किती जोरात आदळेल हे वजन आणि वेग दोन्हींवर ठरते, पण वेग दुप्पट झाला तर ताकद चौपट होते. दहा मीटरच्या स्पर्धेतल्या हवेच्या रायफलीचा छर्रा नळीतून निघताना सात-आठ ज्यूल ऊर्जा घेऊन निघतो. ०.२२ ची गोळी १४० च्या आसपास. अमेरिकेत १९०६ साली आलेल्या ‘थर्टी ओ सिक्स’ या काडतुसाची १८० ग्रेनची गोळी जवळजवळ ४,००० ज्यूल. खांद्याला लावायचे लाकूड तिन्हींचे सारखेच दिसते.

चौथी गोष्ट लॉट क्रमांकाची. शेतकऱ्याने तो खरेदीच्या नोंदीपुरता पाहावा. नेमबाजाचे सगळे गणित मात्र त्याच्यावर असते, ते पुढे.

बारा बोअरच्या पेटीवर छर्ऱ्याचा आकार असतो. एलजी, एसजी हे मोजकेच मोठे दाणे. बीबी त्याहून लहान. चार आणि सहा नंबरचे बारीक आणि पुष्कळ. आकडा वाढतो तसा दाणा लहान होतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटते.

शिकारीची गोळी आणि नेमबाजीची गोळी वेगळी का?

जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथे गोळी निवडताना पहिला विचार असतो तो जनावर तडफडत राहू नये, लगेच पडावे, हा. त्यासाठी मऊ टोकाची गोळी वापरतात. वर तांब्याचे वेष्टण, टोकाला शिसे उघडे. अंगात शिरताच टोक फुलते, छत्रीसारखे पसरते आणि गोळीची ताकद आतच खर्च होते. पूर्ण वेष्टणाची, लष्करी धर्तीची गोळी फुलत नाही. ती बारीक भोक पाडून आरपार जाते. जनावर जखमी होऊन रानात पळते आणि गोळी पलीकडे जे असेल त्याच्याकडे जाते.

नेमबाजीच्या गोळीच्या टोकाला अनेकदा बारीक छिद्र दिसते. ते पाहून ‘ही फुटणारी गोळी’ असा समज होतो. तो चुकीचा आहे. स्पर्धेच्या गोळीचे वेष्टण बुडाकडून पुढे ओढत बनवतात, म्हणजे बूड अगदी एकसारखे होते. टोकाचे छिद्र ही त्या पद्धतीची खूण आहे. कागदावर छिद्राशेजारी छिद्र पाडणे एवढेच तिचे काम. अंगात शिरल्यावर ती फुलेल की सरळ जाईल याची तिच्याकडून अपेक्षाच नसते. म्हणून ‘सगळ्यात अचूक ती सगळ्यात चांगली’ हे शिकारीला लागू होत नाही आणि ‘सगळ्यात जोरकस ती सगळ्यात चांगली’ हे नेमबाजीला.

बारा बोअरच्या छर्ऱ्यांचे गणित पुन्हा निराळे. ते नळीतून निघाले की पसरत जातात. साध्या नळीत दर मीटरमागे अडीच-तीन सेंटिमीटर धरले, तर तीस मीटरवर छर्ऱ्यांचा घेर बैलगाडीच्या चाकाएवढा होतो. त्यात एसजीचे मोजके दाणे. जाड कातडीच्या रानडुकराला त्यातले एक-दोन लागतात, तो मरत नाही, बिथरतो. पिसाळलेला जखमी रानडुक्कर माणसावर उलटतो हे या भागातल्या कोणाही जुन्या माणसाला सांगावे लागत नाही.

दूरच्या नेमबाजीत एकाच कंपनीची पेटी नापास कशी होते?

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याच जिल्ह्याची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली होती. दोघांच्याही प्रकारात काडतूस तेच, ०.२२ लाँग रायफल. १८८७ पासून चालत आलेले, शिशाच्या गोळीचे. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ ५० मीटरवर १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे करंगळीच्या टोकाएवढे.

एवढ्या बारकाव्यावर काडतुसा-काडतुसांतला वेगाचा किंचित फरकसुद्धा गुण घालवतो. म्हणून कसलेले नेमबाज नुसती कंपनी निवडत नाहीत, लॉट निवडतात. इंग्लंडमधली एली, जर्मनीतली आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ या कंपन्यांकडे चाचणीची सोय असते. नेमबाज आपली रायफल तिथे घेऊन जातो, ती शिकंजात घट्ट बसवतात आणि एकेका लॉटची काडतुसे झाडून कागदावरची छिद्रे मोजतात. एकाच यंत्रावर, एकाच नावाने बनलेले दोन लॉट एका नळीतून वेगळे वागतात. एका खेळाडूला लाभलेला लॉट दुसऱ्याच्या रायफलीत चालेलच असे नाही. पसंत पडला की तोच लॉट जमेल तितका विकत घेऊन ठेवायचा.

स्पर्धेच्या ०.२२ चा वेग मुद्दाम आवाजापेक्षा कमी, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास ठेवतात. आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते आणि ५० मीटरच्या खेळात तो धोका कोणाला नको असतो. जास्त वेगाची, ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेली पेटी अचूक असेलच असे नाही, ती यामुळेच.

अंतर वाढले की गोळीचे खाली येणे आणि वारा हे दोनच विषय उरतात. ५० मीटरला नेम जुळवलेली ०.२२ ची गोळी १०० मीटरवर १५ ते २० सेंटिमीटर खाली लागते. २०० मीटरला जुळवलेली थर्टी ओ सिक्स ३०० मीटरवर २० ते २५ सेंटिमीटर खाली. ०.३१५ ची जड, बोथट आणि संथ गोळी याहून बरीच जास्त पडते. दूरच्या नेमबाजीसाठी म्हणून हे काडतूस कोणी जाणकार निवडणार नाही, आणि जवळचे काम सोडून इतर कशाची जाहिरात त्यानेही कधी केलेली नाही.

शहापूर किंवा मुरबाडच्या मुलाला या खेळात उतरायचे तर सुरुवात हवेच्या रायफलीने होते. ४.५ मिलिमीटरचा, सपाट डोक्याचा छर्रा, दहा मीटर अंतर, शाळेच्या लांबट वर्गात मावेल एवढी रेंज. एनसीसीत गेलेल्यांना ०.२२ हाताळायला मिळते. पुढचा रस्ता वरळीची रेंज, पुण्यातले बालेवाडी आणि राष्ट्रीय पातळीवरची मावळंकर स्पर्धा. ती ज्यांच्या नावाने आहे ते ग. वा. मावळंकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष होते. १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष तेच.

चुकलेली गोळी कुठे जाते?

विलायती पेट्यांवर एक इशारा बारीक अक्षरात असतो. ०.२२ ची गोळी एक ते दीड मैल जाऊ शकते. म्हणजे दीड किलोमीटरहून पुढे. मोठ्या रायफलीची गोळी वर तोंड करून सुटली तर तीन-चार किलोमीटर सहज ओलांडते. आसनगाव स्टेशनपासून शहापूरची बाजारपेठ साधारण तेवढीच दूर आहे. एसजीचा दाणा अर्धा-पाऊण किलोमीटर जातो. बारीक छर्रे दोन-अडीचशे मीटरवर गळून पडतात.

आता हे अंतर या तालुक्यांच्या जमिनीवर ठेवून पाहावे. इथे एक गाव म्हणजे एकगठ्ठा वस्ती नसते. टेकडीच्या या अंगाला एक पाडा, त्या अंगाला दुसरा, मधे ओहोळ, करवंदीच्या जाळ्या. पहाटे कोणी मोहावर गेलेला असतो, कोणी लाकडाला, कोणी ओहोळात खेकड्यांना. खाली नाशिक महामार्ग, मध्य रेल्वे, आता समृद्धी महामार्गही. टेकड्यांवर मुंबईकरांची फार्महाऊस आणि शनिवार-रविवारी त्यांच्याकडे आलेले पाहुणे. परदेशी शिकारी ज्याला ‘मागचा बांध’ म्हणतात, म्हणजे नेम चुकला किंवा गोळी आरपार गेली तरी ती जिथे मातीत थांबेल अशी जागा, ती दिवसा शोधावी लागते. राखण रात्री असते.

२०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यातल्या मनोरजवळ, बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांचा एक गट रानडुकराच्या शिकारीला गेला होता. झाडीत हालचाल दिसली, गोळी सुटली आणि ती आपल्याच माणसाला लागली. तो मेला. घाबरलेल्या साथीदारांनी मृतदेह जंगलातच लपवला आणि प्रकरण काही दिवसांनी उघडकीला आले. २०१४ पर्यंत तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता आणि रान, भात, रानडुक्कर यांत शहापूरपेक्षा तिथे काही वेगळे नाही.

बेकायदा ठासणीच्या बंदुका हा याचा सगळ्यात वाईट भाग. कारखान्याच्या काडतुसात दारू तोलून भरलेली असते, दाब तपासलेला असतो आणि पेटीवर लिहिलेले काही तरी खरे असते. गावठी बंदुकीत यातले काहीच नसते. आज गोळी कमी जाईल, उद्या नळी फाटून भरणाऱ्याचाच हात जाईल. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल २०१९ नंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. ती बनवण्याबद्दल किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. रानडुकरासाठी पिठात दडवून ठेवलेले गावठी बॉम्ब तर पाड्यावरची कुत्री आणि गुरे आधी गाठतात.

जाणते परवानाधारक चापाआधी तीन गोष्टी करतात. बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले एवढ्यावर नेम धरत नाहीत, पूर्ण जनावर ओळखतात. त्याच्या मागे माती आहे की मोकळे रान हे पाहतात. आणि आपली माणसे कुठे बसली आहेत हे अंधार पडण्याआधी ठरवून ठेवतात, त्यानंतर कोणीही जागा बदलत नाही. काडतूस दाबूनही उडाले नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबतात. ओलसर, जुन्या काडतुसात ठिणगी उशिरा पोहोचू शकते आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात काडतूस ओलसर व्हायला वेळ लागत नाही.

आजोबांच्या ट्रंकेत काडतुसे निघाली तर?

या तालुक्यांतल्या जुन्या घरांत हा प्रसंग हमखास येतो. परवानाधारक वारतो, बंदूक भिंतीवर राहते, काडतुसे माळ्यावरच्या ट्रंकेत. शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार शस्त्र किंवा दारूगोळा बाळगणे कायदेशीर राहिले नाही, की तो विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा असतो. वारसाला बंदूक ठेवायची असेल, तर त्याने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. तोवर ती जमाच राहते.

काडतुसे हिरवी पडली असतील, पुठ्ठा फुगला असेल तर ती उघडून पाहू नयेत, चुलीत किंवा विहिरीत टाकू नयेत. ट्रंक आहे तशी ठेवून पोलीस पाटलाला किंवा ठाण्यात कळवावे. परवान्याचे जुने पुस्तक सापडले तर तेही बरोबर द्यावे. काडतुसे कोणाच्या नावावर आणि किती घेतली होती, ते त्याच पुस्तकात लिहिलेले असते.